डांबर संपल्यावर

मुल्लानपूरला रस्त्यांची ददात नाही. ‘न्यू चंदीगड’ झाल्यापासून तर इथे रस्ते आधी येतात आणि माणसं मागाहून. क्रिकेटचं नवं मैदान, टाटा मेमोरियलचं 2022 साली सुरू झालेलं होमी भाभा कर्करोग रुग्णालय, अर्धवट इमारतींवरच्या क्रेन, आणि या सगळ्यांमधून गेलेले इतके रुंद नि सरळ रस्ते, की गाडी हातात आली की पोरांना राहवत नाही. काही काम नसताना गाडी फिरवत राहण्याला इकडे ‘गेडी’ म्हणतात. गेडी मारायला निघालेल्यांच्या मधे सायकल घालायला जे धाडस लागतं ते माझ्याकडे नाही. मी उलट्या दिशेला, शिवालिककडे वळतो.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे डोंगर आधी डोंगर वाटतच नाहीत. काळा कातळ नाही, सरळसोट कडा नाही. हिमालय वर येत असताना नद्यांनी त्याचा गाळ पायथ्याशी आणून टाकला आणि पुढे तो गाळही वर उचलला गेला, तो हा शिवालिक. वाळू, माती आणि गोटे. अजून नीट आवळलेलं काहीच नाही. एका जोराच्या पावसात अख्खी दरड विरघळून खाली येते.

पर्छ, नाडा, करोरां अशा कुठल्याही गावाकडून आत शिरलं की डांबर संपतं आणि चो लागतो. चो म्हणजे पावसाळी ओढा. मोठा असला तर राव. मसोल गावाच्या डोंगरातून उतरणारी पटियाला की राव चंदीगडच्या पश्चिम कडेने निघून जाते. वर्षातला बराचसा काळ तिचं पात्र कोरडं असतं आणि ते कोरडं पात्र हाच रस्ता. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्याची सवय इथे उपयोगाची नाही. मुरूम दाबून बसतो. हे नदीने घासून गुळगुळीत केलेले गोटे चाकाखालून निसटतात. टायरातली हवा थोडी सोडायची, हँडल सैल धरायचं, नजर चाकापाशी न ठेवता दहा-बारा हात पुढे टाकायची. ओली वाळू घट्ट असते, कोरडी दगाबाज. ट्रॅक्टरची चाकोरी सापडली तर ती सोडायची नाही, कारण त्या माणसाला पात्र ठाऊक असतं. पुढच्या वर्षी मात्र त्यालाही नव्याने शोधावं लागतं. पावसाळा सगळं पुसून टाकतो.

पौषातल्या सकाळी खालच्या सपाटीवर धुकं साचलेलं असतं आणि चोमधून थोडं चढून गेलं की आपण एकदम उन्हात येतो. दोन्ही बाजूंना खैर, शिसव, बाभूळ, आणि मोकळी जागा दिसेल तिथे घाणेरी. बाभळीचा काटा ट्यूबला सोडत नाही, हे इथल्या सायकलवाल्यांचं पहिलं शिक्षण. वाळूत सांबराच्या खुरांचे ठसे असतात. मोर इतके, की त्यांचं कौतुक चार दिवसांत ओसरतं. रानकोंबडा मात्र दर वेळी दचकवून जातो. या जंगलात बिबट्याही आहे, म्हणून उन्हं कलायच्या आत परत फिरावं. गाडीचा आवाज नसतो. तो नाही हे कळायलाही थोडा वेळ लागतो, कारण कान आधी मागे लागलेले असतात. मग हळूहळू ते पुढे येतात आणि खडा टायरखाली कसा चुरडतो ते ऐकू लागतात.

माझा पुतण्या फ्रान्समध्ये, लिओंला असतो. तो सुट्टीत डोंगरातून सायकलवर भटकतो आणि मला तिथली चित्रं पाठवतो: ओक आणि देवदारासारख्या झाडांमधून जाणारी बारीक खडीची वाट, पाणी बाजूला निघून जावं म्हणून मधे किंचित उचललेली, तोंडाशी गाड्यांना अडसर. त्यातल्या कित्येक वाटा लाकूड वाहून नेण्यासाठी वनखात्याने केलेल्या आहेत. काही तर जुने रेल्वेमार्ग आहेत. बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या लोहमार्गावर 1997 साली पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाट झाली, आणि तिथून फ्रान्समध्ये अशा ‘हिरव्या वाटां’चं पेवच फुटलं. डोंगरात सायकल नेण्याचं वेड त्या देशात जुनंच. सेंत-एत्येनचा पॉल द विवी, ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा, 1887 पासून मासिक चालवून सांगत होता की चढावर गिअर बदलण्यात कमीपणा कसला? शर्यतवाल्यांना ते पटायला फार वेळ लागला. टूर द फ्रान्समध्ये साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला 1937 सालापर्यंत मज्जाव होता. मसोलच्या चढावर सर्वांत लहान गिअरमध्ये धापा टाकताना मी मनोमन विवीच्या पक्षात असतो.

त्या वाटा पाहिल्या की वाटतं, सायकलवाल्यासाठी म्हणून मुळात कुणी काही केलंच नव्हतं. रेल्वे तोट्यात गेली, लाकूडतोड्याला रस्ता हवा होता, आणि आपण मागून त्यात शिरलो. इथेही तेच. एकोणिसाव्या शतकात हे डोंगर तोडीने आणि चराईने उघडे पडले, चोंनी खालची शेतं वाळूखाली गाडली, तेव्हा 1900 साली पंजाबात जमीन वाचवण्याचा कायदा आला. लोक त्याला चोंचाच कायदा म्हणत. पुढे चंदीगड वसलं, आणि शहराभोवती वाटेल तशी बांधकामं होऊ नयेत म्हणून 1952 साली परिघाचा वेगळा कायदा झाला. वास्तुकार ल कार्बुझिएने शहरासाठी सात प्रकारचे रस्ते आखले. सायकलींचा आठवा मागाहून जोडला गेला. 1958 साली सुखना तलाव झाला. आपले काकासाहेब गाडगीळ त्याच वर्षी पंजाबचे राज्यपाल म्हणून तिथे आले. तलाव बघता बघता याच डोंगरांच्या गाळाने भरू लागला, म्हणून पाणलोटात झाडं लावली, गुरं आवरली. गाळाच्या भीतीने राखलेलं रान आज आम्हाला शांतता देतं.

फ्रान्सशी मसोलचा आणखी एक धागा आहे. पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातले संशोधक आणि चंदीगडची मंडळी कित्येक वर्षं या दरडींवर उन्हात वाकून फिरली. स्टेगोडॉन नावाचा हत्तीचा दूरचा नातलग, पाणघोडे, प्रचंड कासवं यांची हाडं त्यांना मिळाली; काही हाडांवरचे व्रण दगडी हत्याराने केलेले असून ते सुमारे 26 लाख वर्षांपूर्वीचे आहेत, असं त्यांनी 2016 साली फ्रेंच विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मांडलं. हाडं पृष्ठभागावरून वेचलेली असल्याने सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. मला त्या वादात मत नाही. पण ज्या पावसाने माझी वाट पुसली त्यानेच ती हाडं उघडी केली, हे मला दरडीखालून जाताना आठवतं.

मसोलला थांबलं की चहा मिळतो आणि पैसे घेतले जात नाहीत. एकदा तिथल्या एका बाबाजींनी माझ्या सायकलचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं, किंमत विचारली, ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, “सड़क बण गई तां तुसीं फेर नहीं आओगे?” रस्ता झाला तर मग तुम्ही यायचे नाही ना? मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न बिनतोड होता. राव पूर येऊन वाहते तेव्हा इथल्या बाईला दवाखान्यात न्यायचं कसं, पोरांनी शाळेत जायचं कसं? ज्याला आम्ही वाहनमुक्त म्हणतो तो या लोकांसाठी न झालेला रस्ता आहे. फ्रान्समधल्या हिरव्या वाटेच्या शेजारी गावाचा पक्का रस्ता असतोच, म्हणून तिथली शांतता कुणाच्या जिवावर येत नाही.

त्यात नवी भर म्हणजे फार्महाऊस. 1900 च्या कायद्यातून जिथे जमीन सुटली तिथे तारा आल्या, तारांमागे कुत्रे आले, आणि ज्या पायवाटेने गावची गुरं जात होती तिथे फाटक लागलं. त्या फाटकापर्यंतचा रस्ता मात्र कसा कोण जाणे, डांबरी होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मसोलला पक्का रस्ता व्हावा, रावेवर पूल व्हावा, आणि तो मतदानाच्या आधी नव्हे तर पावसाच्या आधी व्हावा. आम्ही पर्छच्या धरणामागे, सिसवां गावाच्या जंगलात, वनखात्याच्या कच्च्या वाटांवर जाऊ. तिथे एकही घर नाही, कुणाला डांबराची गरज नाही. तिथे फक्त तारा येऊ देऊ नयेत.