मंडईतले दहा ‘श्रमहर’

मैत्रिणींनो, सकाळी उठल्यापासून अंग जड, जिना चढताना धाप आणि दुपारी चारला ‘आता काही म्हणजे काही होत नाही बाई!’ असं आठवडेच्या आठवडे चाललं की आपण बाटलीतलं टॉनिक शोधू लागतो. त्याआधी एकदा पुण्याच्या मंडईत चला.

१८८६ साली बांधलेली ही दगडी, मनोऱ्याची इमारत तेव्हा ‘रे मार्केट’ होती. आज ती महात्मा फुले मंडई आहे. २०२४ पासून भुयारी मेट्रोही इथं थांबते.

आता हातातल्या पिशवीबरोबर एक यादीही असू द्या. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा-दहा द्रव्यांचे पन्नास गट सांगितले आहेत. त्यातला एक ‘श्रमहर’, म्हणजे थकवा घालवणारा. त्यात काय असेल? द्राक्षं, खजूर, चारोळी, बोरं, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठ दिवसांत पिकणारा साठीचा तांदूळ. एकही भस्म नाही की कडू काढा नाही!

संक्रांतीनंतर गेलात, तर द्राक्षं, बोरं, डाळिंबं, पुरंदरची अंजिरं आणि ऊस एकाच फेरीत मिळतील. फालशासाठी मात्र उन्हाळ्याची वाट पाहावी. खजूर, चारोळी आणि जव घ्यायला तिथून जवळच रविवार पेठेत वळावं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ही पिशवी घरी आली, की द्राक्षं मुलांच्या डब्यात, डाळिंब आजाऱ्याला, चारोळी पाहुण्यांच्या बासुंदीत! आपल्या वाट्याला सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली आमटी आणि त्यावर चहा. आयुर्वेद तर सांगतो, भूक लागली की वेळेवर, ताजं आणि गरम जेवावं. अग्नी मंद झाला, की खाल्लेलं अंगी लागत नाही. मग टॉनिक तरी काय करणार?

म्हणून एवढं करून पाहा. रात्री दोन खजूर आणि दहा-बारा मनुका धुऊन भिजत घालाव्या. सकाळी बिया काढून त्याच पाण्यात कुस्कराव्या आणि स्वतः घ्याव्या. मधुमेह असेल, तर हे डॉक्टरांना विचारूनच. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पानात लिंबाची फोड किंवा आवळा असावा.

आणि हो, दोन-तीन आठवड्यांत थकवा हटला नाही, तर रक्त तपासून घ्याच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल किंवा थायरॉईडचा दोष निघाला, तर मंडई पुरणार नाही. भस्मं आणि चूर्णंही वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पुढच्या खेपेला डाळिंब सोलाल, तेव्हा एक वाटी आधी आपल्यासाठी बाजूला काढा. काढाल ना?