चार लोक आणि आपण

'चार लोक काय म्हणतील?' हा प्रश्न ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कुणी लहानाचा मोठा झाला असेल असं वाटत नाही. ते चार लोक नेमके कोण, हे मात्र कधीच कळत नाही. नांदेडहून बीई करून मी नोकरीसाठी हैदराबादला आलो, तेव्हा वाटलं, चला, ते चौघं मागे राहिले. पण ते इथेही होतेच, फक्त गळ्यात आयडी कार्ड घालून फिरत होते!

आमच्या क्षेत्रातल्या चार लोकांचं म्हणणं अमीरपेठच्या पाट्यांवर वाचायला मिळतं. आधी तिथे जिकडेतिकडे जावाच्या क्लासच्या पाट्या होत्या, मग क्लाउडच्या आल्या, आता एआयच्या आहेत. पाटी बदलली की गर्दीही तिकडे वळते. चिलकूरच्या बालाजीला तर लोक 'व्हिसा बालाजी'च म्हणतात. इच्छा मनात धरून ११ प्रदक्षिणा घालायच्या आणि ती पूर्ण झाली की १०८. नवं शिकायला हवंच, आणि श्रद्धेबद्दल मला आदर आहे. प्रश्न एवढाच, की ही इच्छा माझी आहे की शेजाऱ्याची पाहून आलेली?

माझ्यापुढे हा प्रश्न बढतीच्या रूपाने आला. आठ वर्षं प्रोग्रॅमिंग केल्यावर मला मॅनेजर होण्याबद्दल विचारलं गेलं. आयटीतली ठरलेली वाटच ती. काही वर्षं कोड लिहायचा, मग लिहिणाऱ्यांना सांभाळायचं. मला मात्र कोड लिहायलाच आवडतं. रात्रभर न सापडलेली चूक सकाळी चहा पिताना अचानक लक्षात येते, तो आनंद मला मीटिंगमध्ये कधी मिळाला नाही.

बायकोने आधी घराच्या हप्त्यांचा हिशेब मांडला. मग म्हणाली, "पगार कमी वाढेल, ते जमवू. पण पाच वर्षांनी तुझी कुरकुर ऐकून घेणार नाही." बाबा फोनवर म्हणाले, "अरे, लोक वर चढतात आणि तू पायरीवरच बसतोस होय?" त्यांची काळजी खरी होती. तरी मी नाही म्हटलं. आज माझ्यानंतर रुजू झालेला मुलगा माझा मॅनेजर आहे. गावाकडच्या लग्नात कुणी 'सध्या पोस्ट काय?' असं विचारलं की अजूनही जरा टोचतं. खोटं कशाला सांगू?

अशा वेळी मला उस्मानिया विद्यापीठातली १९३८ सालची मुलं आठवतात. त्यांच्या धैर्याशी माझ्या बढतीची बरोबरी करायची नाही, पण आधार वाटतो. निजामाचं राज्य होतं. वसतिगृहातले विद्यार्थी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागले आणि त्यावर बंदी आली. गप्प बसले असते तर शिक्षण चालू राहिलं असतं. ते गप्प बसले नाहीत आणि विद्यापीठातून काढले गेले. त्यातल्या अनेकांना सुमारे ५०० किलोमीटर दूर असलेल्या नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. १७ वर्षांचे पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. पुढे १९९१ साली ते पंतप्रधान झाले. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनीच तेलुगूत नेली. आणि मला सर्वांत भावते ती गोष्ट म्हणजे, साठी उलटल्यावर, केंद्रात मंत्री असताना ते संगणक शिकले आणि स्वतः प्रोग्रॅम लिहू लागले. त्या वयात, त्या पदावर कुणी त्यांच्याकडून ही अपेक्षा केली नसती.

पण स्वतःशी प्रामाणिक राहणं आणि हट्ट, यांतला फरक कसा ओळखायचा? मी दोन गोष्टी पाहतो. याची किंमत मला माहीत आहे का? आणि ती मीच भरतोय ना? हट्टी माणूस निर्णय स्वतः घेतो आणि बिल घरच्यांच्या हातात देतो. माझ्या निर्णयाचा थोडा भार बायकोवरही पडणार होता, म्हणून तिचा होकार आधी हवा होता. त्या मुलांना तर काय गमवावं लागेल ते दिसत होतं, आणि ते त्यांनी स्वतःच सोसलं.

आणि गर्दीच्या उलट चालणं म्हणजेच खरं, असंही नाही. माझा एक मित्र मॅनेजर झाला, कारण त्याला माणसांत रमायला मनापासून आवडतं. नव्याने आलेली मुलं अडली की आधी त्याच्याकडेच जातात. तो गर्दीबरोबर चालला तरी स्वतःच्याच वाटेने चालला. आपल्या मुलांनी दहावीनंतर काय घ्यावं, हे ठरवताना आपण चारचौघांचे गुण आणि पगार विचारतो. त्याआधी एकदा मुलांनाही विचारू या, 'तुला कशात वेळेचं भान राहत नाही?' उत्तर लगेच मिळणार नाही कदाचित. पण निदान प्रश्न तरी आपल्या घरचा असेल.