चुकीचा नंबर आणि तिसरा माणूस

नोंदणी झालेल्या खरेदीखतात चूक निघाली, तर घेणार आणि देणार यांनी ती आपापसात निस्तरावी, असा सर्वसाधारण समज आहे. सौदा कुठल्या घराचा झाला हे दोघांनाही ठाऊक असतं, मग घाई कशाची? सुरतेत मिळकतींचे दस्तावेज लिहिणं आणि तपासणं हा माझा व्यवसाय आहे आणि हा समज मला फार धोक्याचा वाटतो. सौदा दोघांचा असला तरी नोंदणी पुढे येणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी असते. तो उद्याचा खरेदीदार असेल, कर्ज देणारी बँक असेल, नाहीतर वारसांपैकी कोणी. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 55 नुसार सूची ठेवली जाते. पहिलीत माणसांची नावं, दुसरीत मिळकतीचा तपशील. तीच आपल्या ओळखीची इंडेक्स-2. टायटल तपासणारा वकील तिथे नंबराने शोध घेतो. नंबर चुकलेला असला, तर दस्त नोंदलेला असूनही त्याला दिसत नाही आणि दुसऱ्याच कुणाच्या मिळकतीवर भलताच व्यवहार दिसू लागतो. म्हणून माझं म्हणणं असं की, हा तिसरा माणूस जिथे पाहणार आहे तिथेच दुरुस्ती झाली पाहिजे, आणि त्याचा हक्क बुडेल अशी दुरुस्ती होता कामा नये.

सुरतेत चूक शिरते कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. जुन्या शहरातली मिळकत वॉर्ड नंबर आणि नोंध नंबर या जोडीनं ओळखली जाते. एका वॉर्डातला नोंध नंबर दुसऱ्या वॉर्डातही असू शकतो, त्यामुळे वॉर्डाचा एक आकडा चुकला की घर कागदावर वेगळ्याच मोहल्ल्यात जातं. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथे एकाच जागेला रेव्हेन्यू सर्व्हे नंबर, ब्लॉक नंबर, टी.पी. (नगररचना) स्कीमचा नंबर, ओरिजिनल प्लॉट, फायनल प्लॉट आणि वर सोसायटीचा प्लॉट नंबर, इतक्या ओळखी असतात. दस्त गुजरातीत. त्या लिपीत पाचाचा आकडा आणि ‘प’, दोनाचा आकडा आणि ‘र’ जवळजवळ सारखेच दिसतात. जुन्या हस्तलिखित दस्तावरून नवा दस्त उतरवताना ‘25’ आणि ‘2-प’ यांची गल्लत सहज होते. क्षेत्रफळात चौरस वाराऐवजी चौरस मीटर पडतो, म्हणजे 60 वारांचा प्लॉट खरा सुमारे 50.17 चौरस मीटर, पण कागदावर 60 चौरस मीटरचा होऊन बसतो. नावांचं तर विचारूच नका. आडनाव आधी, नावापुढे भाई किंवा बेन. आणि धुळ्या-जळगावच्या शाळेच्या दाखल्यावर हे भाई-बेन नसतं.

पण कागद जुळत नाही म्हणजे दस्त चुकलाच, असंही नाही. 1976 च्या गुजरात नगररचना कायद्यानुसार प्रारंभिक योजना अमलात आली, की पुनर्रचित ओरिजिनल प्लॉटमधले हक्क संपतात आणि फायनल प्लॉटवर ठरवून दिल्याप्रमाणे बसतात. त्याआधीच्या दस्तात फायनल प्लॉटचा नंबर नसणं ही चूक नव्हे; त्या दिवशी जे खरं होतं ते दस्तानं लिहिलं. तिथे जुना आणि नवा नंबर एकच जागा दाखवतात याचा अधिकृत उतारा हवा, दुरुस्तीचा दस्त नको. उगाच केलेली दुरुस्ती पुढच्या तपासणाऱ्याला नवा संशय देते. माझी कसोटी सोपी आहे: सही करताना दोन्ही बाजूंच्या मनात जी मिळकत, जे क्षेत्रफळ, जी रक्कम होती, ती कागदावर उतरली का? उतरली नसेल तर दुरुस्ती. मनातच काही बदलायचं असेल, तर तो नवा सौदा आहे, त्याचा नवा दस्त करावा आणि पूर्ण मुद्रांक भरावा.

यावर कायदा जाणणारे एक वजनदार आक्षेप घेतात. चतुःसीमा बरोबर असतील तर चुकीच्या नंबरानं बिघडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं आहे. खरं आहे. शिवध्यान सिंग विरुद्ध सनिचरा कुएर या प्रकरणात लिलावाच्या कागदांत 1060 ऐवजी 160 नंबर पडला होता. बाकीचं वर्णन 1060 शी जुळत होतं, म्हणून न्यायालयानं ती केवळ वर्णनातली चूक मानली. पण हे उत्तर मिळायला पक्षकारांना दिल्लीपर्यंत जावं लागलं, हे विसरू नये. तो निकाल न्यायालयात गेलेल्या माणसाला वाचवतो. इंडेक्स चाळणाऱ्या बँकेच्या वकिलासमोर चतुःसीमा नसतात, नंबर असतो. आणि पूर्वेला ‘अमक्याचं घर’ लिहिलेला तो अमका घर विकून गेला, की चतुःसीमेचाही आधार कमी होतो.

दुसरा आक्षेप सामान्य माणसाचा. टायपिंगची चूक स्पष्ट दिसते आहे, तर सब-रजिस्ट्रारनं पेनानं का सुधारू नये? या प्रश्नामागचा त्रागा मी समजू शकतो, पण सुधारू नये हेच बरं. नोंदणीआधी दस्तात खाडाखोड असेल तर सही करणाऱ्यांनी ती साक्षांकित करावी, अशी सोय कलम 20 मध्ये आहे. नोंदणीनंतर मात्र तो दरवाजा बंद होतो. कलम 68 नुसार जिल्हा निबंधक दुरुस्त करू शकतो ती दस्त कुठल्या पुस्तकात किंवा कुठल्या कचेरीत नोंदला गेला यातली चूक, दस्तातला मजकूर नव्हे. सत्यपाल आनंद प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं नोंदलेला दस्त रद्द करण्याचाही अधिकार निबंधकाला नाही असं सांगितलं. कचेरीला एकदा का अक्षर बदलण्याचा अधिकार दिला, की मग तो चांगल्यासाठीच वापरला जाईल याची हमी कोण देणार? आणि घरच्या प्रतीवर कुणी स्वतः आकडा गिरवला, तर कचेरीतली प्रत जशीच्या तशी राहते आणि गिरवणाऱ्यावर बनावट केल्याचा आळ येतो. नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र किंवा बदललेलं वेराबिल (घरपट्टीचं बिल) यांचीही तीच गत. वेराबिल कर कोण भरतो ते दाखवतं, मालकी ठरवत नाही.

उरतो तो नोंदलेला सुधारा दस्तावेज, म्हणजे दुरुस्तीचा दस्त, मूळ दस्तावर सह्या करणाऱ्या सर्वांनी मिळून केलेला. त्यात मूळ दस्ताचा नंबर, वर्ष, कचेरी, चुकीचं वर्णन आणि बरोबर वर्णन ही दोन्ही पूर्ण लिहावीत, म्हणजे कुठल्याही नंबरानं शोधणाऱ्याला धागा सापडतो. क्षेत्रफळ वाढत असेल तर वाढीव भागावर मुद्रांक मागितला जातो, आणि ते रास्त आहे; गुजरातमध्ये 4.9 टक्के मुद्रांक शुल्क भरावं लागत असताना ‘दुरुस्ती’च्या नावाखाली शेजारची पट्टी विकण्याचा मोह होऊ शकतो.

समोरचा सही देत नसेल, तर 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 26. फसवणूक किंवा दोन्ही बाजूंची समान चूक सिद्ध करावी लागते. एकट्याचा गैरसमज चालत नाही. दुरुस्तीची मागणी दाव्यात स्पष्ट करावी लागते, आणि मधल्या काळात ज्यानं सद्भावनेनं मोबदला देऊन हक्क मिळवला, त्याला धक्का लावता येत नाही. काहींना हा अन्याय वाटतो: चूक टायपिस्टची, आणि मूळ खरेदीदारानं गमवायचं? पण त्या तिसऱ्या माणसानं सरकारी इंडेक्सवर विश्वास ठेवला. तो विश्वास मोडला तर कुणाचाच दस्त भरवशाचा राहणार नाही. मुदत साधारण तीन वर्षांची, आणि चुकीवर आधारलेल्या दाव्यात ती चूक कळल्यापासून किंवा वाजवी दक्षतेनं कळू शकली असती तेव्हापासून मोजतात. दस्त कपाटात ठेवून दिला आणि उघडलाच नाही, हे सांगणं या दक्षतेत बसत नाही.

आणि मुदत शिल्लक असली, तरी माणसं थांबत नाहीत. विकणारा वारला, की त्याच्या कुलमुखत्याराचा अधिकार सर्वसाधारणपणे संपतो. मग पेढीनामा (वारसांची वंशावळ) करून सगळ्या वारसांच्या सह्या जमवाव्या लागतात, त्यात कुणी मालेगावला तर कुणी परदेशी. सुरतेतले अनेक बिल्डर एका प्रोजेक्टपुरती भागीदारी पेढी काढतात आणि फ्लॅट विकले की ती विसर्जित करतात. तरी 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 47 जुन्या भागीदारांना अपुरे व्यवहार पुरे करण्याचा अधिकार देतं, हे बऱ्याच खरेदीदारांना माहीत नसतं. पेढी मोडली म्हणून ते हताश होऊन परत जातात. त्यांनी परत जाऊ नये. चूक निघाल्यास विकणार सुधारा दस्तावेज करून देईल, असं कलम पहिल्याच दस्तात घालून घ्यावं. ज्यांना गुजराती वाचता येत नाही त्यांनी सहीआधी मसुदा मराठीतून समजावून मागावा, आणि मिळकतीच्या वर्णनाचा परिच्छेद मागच्या दस्ताशी, वेराबिलाशी आणि प्लॅनशी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहावा.