वहीत न लिहिलेलं दूध



बरेच दिवस लिहिलं नाही, म्हणून काहींनी चौकशी केली. घरात आजारपण होतं. माझं नाही, नातवाचं. आज लिहिते आहे ते थोडं संकोचानेच, कारण यात माझी चूक आहे.

माझा नातू सात वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात ते. मोजके शब्द बोलतो. खाणंही मोजकंच: पांढरा भात, तूप-चपाती, केळं, एकाच प्रकारचं बिस्कीट आणि दूध. भाजीचा तुकडा ताटात दिसला तरी ताट ढकलून देतो. अशा मुलांना चव, वास, खाण्याचा मऊ-कडकपणा फार जाणवतो, हे आता आम्हाला माहीत आहे. पूर्वी मी त्याला हट्ट म्हणत असे.

दिवाळीनंतर त्याला रात्री उलट्या व्हायला लागल्या. संध्याकाळी चांगला खेळायचा, जेवायचा, झोपायचा. रात्री एक-दीडच्या सुमाराला एकदम उठून बसायचा, चेहरा पांढरा पडायचा आणि भडाभडा उलटी. मग पुन्हा झोप. सकाळी जणू काही झालंच नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. ताप नाही, काही नाही. सूनबाई रात्री दोन वाजता चादरी भिजत घालायची आणि सकाळी नऊला कामावर जायची.

सल्ले पुष्कळ आले. कुणी म्हणालं दृष्ट काढा, कुणी म्हणालं जंत असतील. नात्यातल्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "असाता वेदनीय कर्माचा उदय, भोगल्याशिवाय सुटका नाही." मला ते फार लागलं. कर्मसिद्धांत मीही मानते. पण तो मी माझ्या दोषांकडे बघण्यासाठी शिकले, दुसऱ्याच्या लेकराचं दुखणं मोजायला नाही. आणि कर्माचा उदय असला म्हणून कुणी औषध थांबवत नाही.

मी बी. कॉम. झालेली. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण घरखर्चाची वही चाळीस वर्षांत एक दिवस चुकलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, काय खातो, किती वाजता खातो, शौचाला कधी होते, उलटी कधी होते, सगळं लिहून आणा. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले आणि तीन आठवडे लिहीत राहिले.

डॉक्टरांनी वही नीट वाचली. मग त्यांनी जे प्रश्न विचारले, ते मी मुद्दाम इथे लिहिते, कुणाला उपयोगी पडतील म्हणून. उलटी हिरवी किंवा रक्ताची असते का? वजन उतरलं का? सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून उलटी होते का? चालताना तोल जातो का? यातलं काही असतं तर एक दिवसही थांबायचं नव्हतं, असं ते म्हणाले. माती, कागद, रबर असलं काही गिळतो का? आणि उलटीच्या वेळी डोळे एका बाजूला वळतात का, हाक मारली तर ओ देतो का? एका प्रकारच्या अपस्मारात लहान मुलांना झोपेत फक्त उलटी होते आणि चेहरा पांढरा पडतो, झटके दिसतच नाहीत, हे मला माहीत नव्हतं. ऑटिझम असलेल्या मुलांत अपस्मार जास्त आढळतो, म्हणून त्यांनी मेंदूचा आलेख, ईईजी, काढायला सांगितला. तो चांगला आला. एका आलेखाने सगळं कळतं असं नाही, लक्ष ठेवा, असंही म्हणाले. सूनबाईने मोबाईलवर उलटीचा व्हिडिओ काढून ठेवला होता, त्याचा त्यांना उपयोग झाला.

मग त्यांनी पोट तपासलं. डाव्या बाजूला खाली हात ठेवून म्हणाले, "इथे किती दिवसांचं साठलंय!" आम्ही चक्रावलो. त्याच्या चड्डीला रोज डाग लागायचे. ते जुलाब समजून मी त्याला भाताची पेज आणि केळी देत होते. प्रत्यक्षात आत मळाचे खडे साठले होते आणि त्यांच्या कडेने पातळ मल झिरपत होता. आतडं असं तुंबलं की पोट वेळेवर रिकामं होत नाही, भूक मंदावते, आणि वरून भरलेल्या पोटी आडवं झालं की आलं ते वर येतं.

तो सोफ्याच्या कोपऱ्यावर पोट दाबून पडायचा. आम्हाला वाटे, ती ऑटिझमची सवय. डॉक्टर म्हणाले, "सगळंच ऑटिझमच्या नावावर टाकू नका. त्याला दुखतं तेव्हा तो असंच सांगणार." फरक कुठून आला ते कळलं नाही की आम्ही कॉमर्सवाले तो तेवढ्यापुरता सस्पेन्स अकाउंटला टाकतो. पण तो कायमचा तिथे ठेवायचा नसतो. आम्ही त्या लेकराचं सगळं दुखणं तिथेच टाकून मोकळे झालो होतो.

मग त्यांनी विचारलं, "झोपायच्या आधी किंवा नंतर काही देता का? दूध वगैरे?"

सूनबाई म्हणाली, "नाही. साडेआठला जेवतो, मग काही नाही. वहीत आहे ना सगळं."

मी गप्प बसले.

खरं असं होतं. मी अंथऊ पाळते, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही. दिवाळीच्या सुट्टीत नातवाला एक सवय लागली. आई झोपली की साडेदहाला तो माझ्या खोलीत येई, माझा हात धरून स्वयंपाकघरात नेई आणि दुधाच्या पातेल्यावर माझा हात ठेवी. जो मुलगा कुणाचा हात धरत नाही, तो माझा धरत होता. मी पेलाभर दूध द्यायची. तो पिऊन माझ्याच पलंगावर टेकायचा, मग मी त्याला हळूच आईजवळ नेऊन झोपवायची.

वहीत मी ते लिहिलं नव्हतं. आपल्याकडे कृत, कारित, अनुमोदना सांगतात. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला संमती देणं, तिन्हींचा दोष सारखाच. मी रात्री खात नव्हते, पण माझ्या हाताने देत होते. वहीत लिहिलं असतं तर माझा नियम माझ्याच अक्षरात मोडलेला दिसला असता. वर मनाची समजूत घातली होती, दूध म्हणजे काही जेवण नव्हे.

हिशेबात एक गंमत आहे. व्यवहाराची नोंदच राहून गेली तर तेरीज जुळते. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, चूक दिसत नाही. माझी वही तशीच जुळलेली होती.

त्या रात्री मी दूध दिलं नाही. तो दारात बसून रडला. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री मला बघवेना, मी अर्धा पेला दिलं. दीड वाजता उलटी झाली. चादर बदलताना सूनबाई म्हणाली, "आई, आज तर सगळं नीट खाल्लं होतं, मग का हो?" मला उत्तर देववेना.

सकाळी देवदर्शनाहून आले आणि तिला सगळं सांगितलं. आलोचना आपण गुरूंसमोर, देवासमोर करतो. ते सोपं असतं असं त्या दिवशी कळलं. ती खूप वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "दीड महिना, आई. दीड महिना मी रात्री उठतेय." दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी तिनेच डॉक्टरांना फोन केला. दुधाचा हिशेब केला तेव्हा दिवसाचं जवळजवळ लिटरभर होत होतं. त्यांनी ते अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलं. इतक्या दुधाने पोट भरतं, दुसरं काही खाल्लं जात नाही आणि मलावरोध वाढतो. सोबत पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर सुरू झाली. ती आधी पोट साफ होईपर्यंत जास्त, मग रोज थोडी, अशी काही महिने घ्यायची. मल काही दिवसांत निघतो, पण ताणलेल्या आतड्याला पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही.

जेवणानंतर त्याला शौचाला बसवायचं काम माझं आहे. पायाखाली पाट ठेवते, गुडघे वर आले की जोर नीट लागतो. भिंतीवर चित्रं लावली आहेत: जेवण, बसणं, हात धुणं, खेळणं. एक चित्र पोट धरलेल्या मुलाचं आहे.

आता तो बहुतेक वेळा सहा वाजता माझ्याबरोबरच जेवतो. हे सूनबाईनेच सुचवलं. हा नियमाचा चमत्कार आहे असं मी म्हणणार नाही. झोपण्यापूर्वी पोटाला तीन तास मिळतात, एवढंच. नऊला भूक लागली तर त्याची आई त्याला थोडा भात देते. नियम माझा आहे, त्याचा नाही.

साडेदहाला तो अजून येतो. दुधाऐवजी मी त्याचे पाय चेपते आणि हळू आवाजात णमोकार म्हणते. पहिले पंधरा दिवस रडला, आता टेकतो.

गेल्या दोन महिन्यांत तीनदा उलटी झाली. त्यातल्या दोन वेळेचं कारण वहीत सापडत नाही. डॉक्टरांना तसंच सांगितलं आहे, लक्ष ठेवून आहोत. पण मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने भिंतीवरचं ते पोट धरलेलं चित्र काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. दुखतंय, हे त्याने पहिल्यांदाच आम्हाला सांगितलं. मी आधी सूनबाईला हाक मारली.

वही चालूच आहे. सूनबाईने त्यात एक रकाना वाढवला आहे. वर लिहिलं आहे, "आजीने दिलेलं". रोज मी तो प्रामाणिकपणे भरते.

जय जिनेंद्र.