पेटीवरचें पहिलें गाणें

विवाहविधींत वधूला अरुंधतीचा तारा दाखविण्याची चाल आहे. अरुंधती बारीक व मंद. ती एकदम दिसत नाहीं. म्हणून अगोदर तिच्या शेजारचा ठळक वसिष्ठ दाखवावयाचा, आणि नजर तेथें स्थिरावली कीं मग अरुंधतीकडे बोट करावयाचें. यालाच अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. हा न्याय मीं तीसएक वर्षें विद्यार्थ्यांना शिकविला. पण तो मला स्वतःला उमगला निवृत्तीनंतर, घरच्या जुन्या पेटीपुढें. ज्या घरांत लहान मूल आणि पेटी दोन्ही आहेत, त्या घरीं ही हकीकत उपयोगी पडेल, म्हणून ती वाचकांपुढें ठेवतों.

आमची पेटी वडिलांनीं बार्शीहून आणली. त्या काळीं येडशीला बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून छोटी गाडी येत असे. आतां तेथें रुंद रूळ झाले आहेत. पेटी मात्र तीच आहे. वडील ती मांडीवर घेऊन गाडींतून आले होते, असें आई सांगत असे. पुढें श्रावणी सोमवारीं रामलिंगाच्या दरींत भजनालाही ती जाई. मी ती शिकलों व्याकरणासारखी. आधीं ‘रामः रामौ रामाः’ बिनचूक, मग काव्य. तसेच आधीं अलंकार, मग गाणें. मला ती रीत मानवली, आणि जी मला मानवली ती सर्वांना मानवेल असें मीं धरून चाललों.

चिरंजीव आठ वर्षांचा झाला तेव्हां त्याला मीं पेटीवर बसविलें. दहा अलंकार बिनचूक येईपर्यंत गाणें नाहीं, असा नियम. आठ महिने तो बसला. मग एकदा त्याला ताप आला व पेटी बंद झाली. ताप उतरला, पेटी पुन्हा उघडली नाहीं. ‘मुलाला गोडी नाहीं,’ असा निकाल मीं दिला. परीक्षक मीच असल्यामुळें तो निकाल कोणीं फेरतपासला नाहीं.

गेल्या वर्षीं त्याचीच मुलगी, माझी नऊ वर्षांची नात, पेटी शिकवा म्हणून मागें लागली. मीं तोच धडा काढला. तिसऱ्या आठवड्यांत तिचीं बोटें पट्ट्यांवर आणि डोळे दाराकडे असें होऊं लागलें. त्या रात्रीं जेवतांना चिरंजीव ताटाकडे पाहतच म्हणाला, “नाना, मला तुम्हीं आठ महिने सारेगम दिलें. मी गाण्याची वाट पाहत होतों.” एवढेंच बोलून त्यानें भात मागितला. मला मात्र पुढचा घास गोड लागला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं ठरविलें कीं गाणेंच द्यावयाचें, आणि येथें दुसरी चूक केली. ‘मानापमान’ नाटक १९११ सालीं रंगभूमीवर आलें. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं बसविल्या, आणि टेंबे तर पेटीचे थोर वादक. तेव्हां त्यांतलें पद पेटीला योग्यच, असा माझा तर्क. पोरीला त्यांतलें अक्षरही लागेना. तेव्हां सूनबाई स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, “नाना, हें पद तुमच्या ओळखीचें आहे. तिच्या कानांवर तें कधीं पडलें आहे का?”

खरेंच होतें. ओळखीचें गाणें म्हणजे कोणाच्या ओळखीचें, हा प्रश्न मीं स्वतःला विचारलाच नव्हता. आणि समजा तें तिच्या ओळखीचें असतें, तरी तानांनीं भरलेलें पद सोपें थोडेंच होतें! ओळखीचें व सोपें हे दोन निराळे गुण आहेत. पहिल्या गाण्यांत ते दोन्ही एकत्र असावे लागतात.

मग मी तिच्या कानांत काय आहे त्याचा शोध घेऊं लागलों. तो फार लांब न्यावा लागला नाहीं. तिची आजी रोज पहाटे तुळशीला पाणी घालतांना एक भूपाळी म्हणते. नात ती अर्धवट झोपेंत जन्मापासून ऐकत आली आहे. ही भूपाळी आमच्या घरीं भूप रागाच्या पांच स्वरांत म्हटली जाते: सा, रे, ग, प, ध. आतां पेटीची गंमत पाहा. काळी तीन हा षड्ज धरला, तर हे पांचही स्वर पांच काळ्या पट्ट्यांवरच येतात. पांढऱ्या पट्टीला हात लावावयास नको. काळ्या पट्ट्या उंच असल्यानें त्या बोटांना न पाहतां सांपडतात. मीं तिला एवढेंच सांगितलें, “आजीची भूपाळी काळ्यांत लपली आहे, शोध.” भाता मीं धरला. पियानोला दोन्ही हात मोकळे मिळतात. आपल्या पेटीला एक हात भात्याला द्यावा लागतो, आणि नवशिक्याचें निम्में लक्ष तेथेंच जातें.

पाऊण तासांत तिला पहिली ओळ सांपडली. चुकीची पट्टी दाबली गेली कीं मी बोलण्यापूर्वीं तीच “अंहं” म्हणे. अलंकार चुकला तर तो चुकला हें शिक्षकाला कळतें. ओळखीचें गाणें चुकलें तर तें मुलाच्या कानालाच कळतें. शिक्षक घटकाभर बसतो, कान दिवसभर सोबत असतो.

हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांनीं १९०८–०९ सालीं लहान मुलांसाठीं पियानोच्या रचना केल्या, त्या तिकडील लोकगीतांवरच. तेव्हां हा विचार कांहीं माझाच नव्हे. आपल्याकडे पाळणा आहे, गणपतीची आरती आहे, शाळेंतली प्रार्थना आहे. निवडतांना मी आतां तीन गोष्टी पाहतों. गाणें मुलाला पेटीशिवाय गुणगुणतां यावें. तें थोड्या स्वरांत फिरावें. आणि त्यांतले स्वर उभे असावेत. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीला साधत नाहीं. पेटीच्या अशाच उणिवांवर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला मनाई केली होती. ती १९७१ सालीं अंशतः उठली. तो वाद पंडितांचा. आपण त्यांतून एवढेंच घ्यावें कीं मींडेचें गाणें पहिलें नको.

अलंकार मीं सोडले असें मात्र कोणीं समजूं नये. महिन्याभरानें नात म्हणाली, “आजोबा, पपासून धवर जातांना माझें बोट अडतें.” तेव्हां मीं तिला त्या बोटापुरता अलंकार दिला, आणि तो तिनें आनंदानें घोटला. आतां तिला त्याचें कारण ठाऊक होतें. वसिष्ठ दिसला कीं अरुंधती दिसते. मी मात्र जन्मभर उलट क्रमानें बोट दाखवीत होतों.

परवां संध्याकाळीं ती आपल्या वडिलांना भूपाळी दाखवीत होती. चिरंजीवानें एका बोटानें पहिली ओळ चांचपडत काढली, एका ठिकाणीं अडला, आणि मागें न पाहतां म्हणाला, “नाना, जरा भाता धरतां का?”

मी उठून भाता धरला. बोटें चुकीचीं ठेवतो आहेस, असें ओठांवर आलें होतें. तें मीं बोललों नाहीं.