नाव विसरलेला मारेकरी

हेरकथांचा नाद आम्हा भावंडांना अब्बांनी लावला. कराडच्या घरी त्यांच्या ट्रंकेत बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार-धनंजयच्या पुस्तकांची चळत असायची. पुढे पुण्यात शिकायला असताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत रॉबर्ट लडलमची 'द बोर्न आयडेंटिटी' मिळाली. शेजारी डिक्शनरी ठेवून आम्ही ती आळीपाळीने वाचली. मारेकरी सरकारी पगारावरही असू शकतो, हे आम्हांला त्या पुस्तकाने सांगितले.

कादंबरी १९८० सालची. भूमध्य समुद्रात गोळ्या लागलेला एक माणूस मच्छीमारांना सापडतो. स्वतःचे नाव त्याला आठवत नाही. कमरेच्या कातडीखाली झुरिचच्या एका बँकखात्याचा नंबर तेवढा निघतो. हात मात्र सगळे विसरलेले नसतात, ते आपोआप पिस्तूल उघडतात, जोडतात. लडलमने हे लिहिले तेव्हा अमेरिकेत जखम ओली होती. सिनेटच्या चर्च समितीने १९७५ मध्ये कॅस्ट्रो आणि लुमुंबा यांना मारण्याचे सीआयएचे बेत चव्हाट्यावर आणले होते. १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांना राजकीय हत्यांवर बंदीचा हुकूम काढावा लागला होता.

तरीही लडलमने वाचकासाठी एक पळवाट ठेवली. त्याचा नायक मुळात डेव्हिड वेब. कार्लोस या खऱ्याखुऱ्या दहशतवाद्याला बिळाबाहेर काढण्यासाठी त्याला बोर्न नावाच्या भाडोत्री खुन्याचे सोंग दिलेले असते. दुसऱ्यांनी केलेले खून त्याच्या नावावर लावलेले असतात. म्हणजे शेवटी आपला माणूस तसा निर्दोषच, हुश्श! २००२ मध्ये मॅट डेमनचा सिनेमा आला आणि त्यात ही पळवाट बुजवलेली होती. सिनेमातला बोर्न खरोखरच सरकारचा मारेकरी आहे. बोटीवर एका आफ्रिकी नेत्याला मारायला गेलेला असताना त्याच्या कुशीत लेकरू दिसते, बोर्नचा हात थांबतो, आणि उलट त्यालाच गोळी लागते. पुस्तकापेक्षा सिनेमा सरस, असे आम्ही फार कमी वेळा म्हणतो. इथे म्हणतो.

२००४ चा दुसरा भाग घरी सगळ्यांनी मिळून सीडीवर पाहिला. सुरुवात गोव्यात होते. समुद्रकाठी बोर्न आणि मारी लपून राहतात. रात्री दचकून उठल्यावर तो तुकड्यातुकड्यांनी आठवलेले वहीत लिहून ठेवतो. मग एक रशियन मारेकरी येतो, गोळी मारीला लागते आणि गाडी पुलावरून पाण्यात जाते. गोव्याचे रस्ते पाहून धाकटा खूश झाला होता, तो गप्प झाला. पण आमच्या लक्षात राहिला तो या भागाचा शेवट. बर्लिनच्या एका हॉटेलात बोर्नने एका रशियन नवरा-बायकोला मारलेले असते आणि देखावा असा रचलेला असतो की बायकोनेच नवऱ्याला मारून स्वतःवर गोळी झाडली. त्यांची मुलगी हेच खरे मानून वाढते. जखमी बोर्न मॉस्कोत तिच्या खोलीवर जातो, तुझ्या आईने काही केले नाही, ते मी केले, एवढे सांगतो आणि लंगडत बर्फात निघून जातो.

अम्मीला इंग्रजी येत नव्हते. आम्ही थोडक्यात सांगितले. ती म्हणाली, "छोकरी कू माँ की सच्ची बात मालूम हुई ना, बस."

२००७ च्या तिसऱ्या भागात कळते की या कामाला बोर्न स्वतःहून तयार झाला होता. डोक्यावर बुरखा घातलेल्या एका बांधलेल्या माणसावर त्याने गोळी झाडली होती. त्या माणसाचे नाव काय, त्याने काय केले होते, हे त्याला सांगितलेले नसते. २०१६ चा भाग आम्ही पाहिला, पण त्यात नुसती पळापळ आहे.

बुरखा घातलेल्या माणसाचा तो प्रसंग आमच्या मनात घर करून बसला, त्याला कारण आहे. धाकट्याचा पासपोर्ट सात महिने पडताळणीत अडकला होता. त्याच्याच नावाचा कुणी दुसऱ्या जिल्ह्यात फरारी होता म्हणे. बापाचे नाव वेगळे, जन्मतारीख वेगळी, पण टेबलापलीकडचे साहेब नावावर बोट ठेवून बसले. बोर्नला नाव आठवत नाही ही त्याची अडचण. आमच्यातल्या पुष्कळांची अडचण, नाव इतरांना फार चांगले आठवते, ही.

खालिद अल-मसरी हे लेबनॉनी वंशाचे जर्मन नागरिक. ३१ डिसेंबर २००३ रोजी त्यांना मॅसिडोनियाच्या सरहद्दीवर बसमधून उतरवले गेले. नाव दुसऱ्या एका संशयिताच्या नावाशी जुळत होते. तेवीस दिवस स्कोप्येच्या एका हॉटेलात डांबून त्यांना सीआयएच्या हवाली केले, आणि तिथून विमानाने अफगाणिस्तानच्या कोठडीत. मे २००४ मध्ये, म्हणजे बोर्नचा दुसरा भाग यायच्या दोन महिने आधी, त्यांना अल्बानियातल्या एका निर्जन रस्त्यावर सोडून दिले. घरी पोहोचले तेव्हा बायको-मुले लेबनॉनला निघून गेली होती. नवरा आपल्याला टाकून गेला, असे तिला वाटले होते.

त्यांनी अमेरिकेत दावा लावला. सरकारने गुपिताचे कारण पुढे केले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. बोर्नचा तिसरा भाग त्या वेळी थिएटरात नुकताच गाजून गेला होता. डिसेंबर २०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांची हकीकत खरी धरली आणि मॅसिडोनियाला ६०,००० युरो भरपाई द्यायला लावली. २०१८ मध्ये मॅसिडोनियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पत्र लिहून माफी मागितली. विमान अमेरिकेचे होते, माफीचे पत्र स्कोप्येहून आले.