तीन जानेवारीचा कागद

अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म असतो, डीएस-160. त्यात एक प्रश्न आहे. तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का? पुढं माफी मिळाली असली तरी सांगा. उत्तर येस नाहीतर नो. मधलं काही नाही. माझ्या मावसभावाच्या फॉर्मात एजंटानं तिथं नो ठोकलं. विचारलं नाही, सांगितलं नाही.

आता तुमच्यापैकी किती जणांना 3 जानेवारी 2018 च्या बंदात पोलीस गाडीत कोंबलं होतं ते आठवा. म्हणून हे लिहितोय.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. शाळा दहावीला सुटली. इंग्रजी डिक्शनरी उशाला घेऊन शिकलो, नोटिसा वाचता याव्यात म्हणून. मावसभाऊ शिकला. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या यादीत त्याचं नाव आलं, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. पण फॉर्म भरायला घरच्यांनी एजंट गाठला. भीतीपोटीच. आपल्या हातनं चुकलं तर? एजंटाचं पोट याच भीतीवर चालतं.

बाकीचे पैसे दिल्याशिवाय त्यानं फॉर्मची प्रत दिली नाही. ती हातात आल्यावर आम्ही दोघं रात्री वाचायला बसलो. तीन उत्तरं चुकीची निघाली.

एक. तुम्ही एखाद्या टोळीचे वा जमातीचे आहात का, असा प्रश्न फॉर्मात आहे. एजंटानं फोनवर नुसतं विचारलेलं, "जात कुठली?" याला वाटलं शिष्यवृत्तीसाठी हवी असंल. सांगितली. त्यानं ती तिथं टोळी म्हणून टाईप केली. मावसभाऊ हसला. मला हसू आलं नाही. 1956 साली आमच्या आज्यानं जे फेकून दिलं, ते 2025 साली एका एजंटानं अमेरिकेच्या कॉम्प्युटरात भरून ठेवलं.

दोन. फॉर्म भरायला कुणी मदत केली का? नो. म्हणजे साला स्वतः नामानिराळा. 

तीन ते अटकेचं.

मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की रं तसंच. तिकडच्या लोकास्नी काय ठावं हितं काय झालं ते?" वस्तीतला एक कार्यकर्ता उलटं म्हणाला, "छाती ठोकून येस लिही. चळवळीत गेलास, चोरी केली न्हाईस." मावशीची भीती मला कळत होती, कार्यकर्त्याचा अभिमान तर माझाच होता. पण दोघांनाही विचारलं की त्या दिवशी कागदावर नक्की काय झालं, तर कुणाला सांगता येईना. मावसभावालाही नाही. तो म्हणाला, "दादा, रातभर बसवलं. दुसऱ्या दिवशी एका कागदावर सही घेतली आन् सोडलं." कसल्या कागदावर? माहीत नाही. तेव्हा तो अठराचा होता.

ही आपली गत. लाठीचे वळ कुठं होते ते सांगता येतं, कलम सांगता येत नाही.

कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीची खोली असते. तिथं गेलो. कारकुनानं पहिला उत्पन्नाचा दाखला मागितला. आत बसलेल्या वकीलबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अनुसूचित जातीला उत्पन्नाची अट नाही. 1987 चा कायदा, कलम 12." मित्रहो, हे पाठ करा. जातीच्या दाखल्यावर मोफत वकील मिळतो. 15100 हा फोन नंबर त्याचाच.

बाई सरळ बोलल्या. "अमेरिकेचा कायदा मला येत नाही, मी त्यात बोलणार नाही. पोलिसांचा कागद मात्र काढून देते." दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. मुदत तीस दिवसांची. अठ्ठाविसाव्या दिवशी स्टेशन डायरीचा उतारा मिळाला. मावसभावाचं नाव, वेळ, आणि कलम: फौजदारी प्रक्रिया संहिता 151. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून आधीच उचलायचं, चोवीस तासांच्या वर ठेवायचं नाही. 1 जुलै 2024 पासून हेच नव्या संहितेत कलम 170 झालंय. बाई म्हणाल्या, "याला कायदा अटकच म्हणतो. पण तुझ्यावर गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षा नाही." म्हणजे उत्तर येस. आणि त्या येसमागं काय आहे ते सांगणारा कागद आता हातात.

तिकडच्या आपल्या लोकांपैकी एकानं तिथला वकील गाठून दिला. माझी तिसरी पाळी होती, जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर दिव्याखाली उभं राहून मीही मोबाईलवर ऐकत होतो. वकिलानं सांगितलं, अशा नुसत्या अटकेनं विद्यार्थ्याचा व्हिसा बंद होत नाही. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर मात्र दार जन्माचं बंद होऊ शकतं. पण त्यांनी पकडायच्या आत, पहिल्याच संधीला आपण होऊन दुरुस्त केलं, तर ते खोटं धरत नाहीत. आणि फॉर्म कुणीही भरो, शेवटचं सहीचं बटण अर्जदारानंच दाबायचं असतं. आमच्या एजंटानं तेही स्वतःच दाबलेलं.

पाठवलेला फॉर्म खोडता येत नाही. नवा भरावा लागतो, त्याचा बारकोड नंबर नवा, आणि तो मुलाखतीच्या खात्यात जुन्याच्या जागी घालायचा. खात्याचा पासवर्ड एजंटाकडं. तो आणखी पैसे मागायला लागला. आम्ही चौघं त्याच्या ऑफिसात जाऊन उभे राहिलो. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. नुसते उभे. पाऊण तासात पासवर्ड मिळाला.

नवा फॉर्म माझ्या खोलीवर भरला. टोळी, नो. मदत, येस, आणि माझं नाव. अटक, येस. खालच्या रकान्यात तारीख, कलम, किती तास, सुटका. विशेषण एकही घातलं नाही. कवी माणसाला हे जड जातं. बाबासाहेब 1913 ला न्यूयॉर्कला उतरले तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती, ती पहिल्या महायुद्धात आली. आम्हाला मात्र गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खातीसुद्धा लिहावी लागली. जून 2025 पासून विद्यार्थ्यांना ती सगळ्यांसाठी उघडी ठेवायला सांगितलंय. त्याच्या फेसबुकवर माझ्या दोन कविता आहेत. मावशी म्हणाली काढ. त्यानं काढल्या नाहीत.

मे अखेरीस नव्या तारखा देणं थांबलं होतं, जूनच्या मध्यावर सुरू झालं. मुलाखत जुलैत, मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात. खिडकीवर गेल्या गेल्या, विचारायच्या आत तो बोलला: आधीचा फॉर्म चुकीचा होता, दुरुस्त करून नवा भरलाय, हा पोलिसांचा उतारा, हे इंग्रजी भाषांतर. अधिकाऱ्यानं वाचलं. विचारलं, "चौकात काय करत होतास?" हा म्हणाला, "उभा होतो. निषेध करत होतो." अधिकारी बराच वेळ टाईप करत राहिला. मग शिष्यवृत्तीचं विचारलं, विषयाचं विचारलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. दहा दिवसांनी तो व्हिसा लागून आला.

त्याला सोडून आल्यावर आम्ही वस्तीत बसलो आणि त्या दिवशी उचललेल्या पोरांची यादी केली. अकरा नावं निघाली. अकरा अर्ज गेले. आतापर्यंत चौघांची उत्तरं आलीत. तिघांना 151 लावलेलं. चौथ्याचं नाव एका गुन्ह्यात आरोपी म्हणून आहे. सात वर्षं तो रोज आमच्यासोबत चहा पितोय, त्याला माहीतच नव्हतं. परवा त्याला घेऊन वकीलबाईंकडं जाणार आहे. पहिली पाळी बदलून घेतलीय.